अण्णांची अढी आणि माझं नाक

एप्रिल अर्धा सरला की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आंब्याचा वास मुक्कामाला येतो. माणसं आपापल्या मजल्यावर उतरतात, खोकी उतरतात, वास मात्र दिवसभर वरखाली करत राहतो. सर्जापूर रोडवरच्या या सोळा मजल्यांमध्ये कुणाच्या घरी काय शिजतंय ते एरवी कळत नाही, दारं फार घट्ट बसवलेली आहेत. या दोन महिन्यांत मात्र कळतं. सातव्या मजल्यावर कुणी तरी बंगनपल्ली आणलाय, अकराव्यावरचा मल्लिका आज-उद्या कापायला झालाय, आणि तळमजल्यावरच्या सिक्युरिटीच्या टेबलाखाली कुणाचं तरी खोकं दोन दिवस विसरलंय. हे सगळं मला लिफ्टमध्ये उभ्या उभ्या समजतं. नातवंडं हसतात. हसू देत.

परवा वरच्या मजल्यावरची ऋतुजा खोकं घेऊनच आली. ती पुण्याची, नवराबायको दोघंही महादेवपुऱ्याच्या आयटी पार्कमध्ये. "काकू, थेट देवगडहून मागवलेत, एकदम ऑथेंटिक. पण आठ दिवस झाले, अजून हिरवेच. फ्रिजमध्ये ठेवू का?"

"आंबा फ्रिजमध्ये? त्यापेक्षा बर्फात पूर त्याला," मी म्हटलं.

ती हसली. मग म्हणाली, "इथले लोक तो बदामी खातात, पण त्याला काही हापूसची सर नाही हं." बदामी हा हापूसचा सख्खा भाऊच. पण लहानपणीच परगावी गेलेल्या भावाला घरचे जसे लांबून ओळख देतात, तसं त्याचं झालंय. आम्हा बेंगळुरूच्या मराठी लोकांना हे चांगलं समजतं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर आमचे पूर्वज इकडे आले, फौज परत गेली आणि हे राहिले. का राहिले ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. अण्णा म्हणायचे, मे महिना असणार, आंबे संपल्यावर जाऊ म्हणाले असतील.

ऋतुजाच्या खोक्यातला एक आंबा मी उचलला आणि सवयीनं देठाची बाजू नाकाशी नेऊन डोळे मिटले. "काकू, तुम्ही अगदी वाईन टेस्टिंगवाल्यांसारखं करता!" ती म्हणाली. मी तिला सांगितलं, अजून चार दिवस, पेंढा नाही तर वर्तमानपत्रात गुंडाळ, एकमेकांना टेकू देऊ नकोस. तिनं मोबाइलवर सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

अण्णांनी, असं मी सांगितलं. ते खरंच आहे. पण ज्या एका उन्हाळ्यात त्यांनी मला शिकवलं तो उन्हाळा मी अजून कुणाला सांगितलेला नाही, आणि ऋतुजाला तर ऑफिसची बस गाठायची होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. चामराजपेटात एका छापखान्यात त्यांनी चाळीस वर्षं खिळे जुळवले, कन्नडचे जास्त, मराठीचे लग्नपत्रिकांपुरते. आमचं घर छापखान्याच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर अडीच खोल्यांचं. मधल्या खोलीत लोखंडी खाट होती, आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत त्या खाटेखालच्या जागेवर अण्णांखेरीज कुणाचा हक्क नसायचा. तिथे त्यांची अढी असायची. खाली गोणपाट, त्यावर भाताचा पेंढा, त्यावर आंबे, देठ खाली करून, आणि वर पुन्हा पेंढा. बदामी एका अंगाला, रसपुरी दुसऱ्या अंगाला, मध्ये विटांची एक रांग. आम्ही भावंडं त्या खाटेवर झोपायचो. आमच्या पाठीखाली आंबे पिकत आहेत, हे माहीत असताना झोप कशी लागायची कोण जाणे, पण लागायची.

शिवायचं नाही, हा एकच नियम होता. तिसऱ्या दिवसापासून अण्णा रोज सकाळी अंघोळ झाल्यावर गुडघ्यांवर बसून पेंढा बाजूला सारायचे, एकेक आंबा उचलून देठापाशी नाक लावायचे आणि ठरवायचे. काही परत पेंढ्यात, काही पालटून, आणि दोनचार आजच्या टोपलीत. त्यांचा निकाल कधी चुकल्याचं मला आठवत नाही. आई म्हणायची, "सगळं जग हातानं कांदे सोलतं, हे नाकानं सोलतात." पण शेजारच्या चार घरांतल्या बायका आंबे कापण्याआधी अण्णांकडे पाठवायच्या, आणि आईला त्याचा मनातून अभिमान होता.

आंब्यांचीही आपली ठरलेली पाळी असायची. शाळेच्या फाटकापाशी तोतापुरीच्या उभ्या चिरा, तिखटमीठ लावलेल्या. ती खरी मोसमाची वर्दी. मग बदामी, नुसत्या फोडी खायला. रसपुरी सीकरणेसाठी, दुधात गर कालवून वेलदोडा आणि गूळ घालून चपातीबरोबर. आमच्या पुण्याच्या पाहुण्यांना ते आमरसाचं कानडी भावंड वाटायचं आणि ते दोन वाट्या खाऊन आमरसच बरा म्हणायचे. जूनमध्ये मलगोवा, एकेक लहानशा भोपळ्याएवढा. एक कापला की घराला पुरायचा. आणि सगळे संपल्यावर जुलैत नीलम. दिसायला सामान्य, वासाला भारी, आणि कापला की कोयीतून कधी कधी काळा भुंगा निघायचा. आम्ही किंचाळायचो, अण्णा भुंग्याला खिडकीबाहेर सोडून उरलेला आंबा शांतपणे खायचे.

मी ज्या उन्हाळ्याबद्दल सांगतेय तेव्हा अण्णा ब्याऐंशी वर्षांचे होते आणि मी टेलिफोन खात्यातून नुकतीच निवृत्त झाले होते. त्याआधीच्या थंडीत त्यांना ताप येऊन गेला. मोठा काही नाही, आठ दिवसांचा. बरे झाल्यावर फक्त एवढंच दिसलं की कॉफी तोंडाला लावून ते क्षणभर थांबायचे आणि आईला म्हणायचे, "डिकॉक्शन स्वल्प कमी पडलंय." आई रोज एक चमचा वाढवत गेली. शेवटी ती कॉफी इतकी कडू झाली की मी एकदा घोट घेऊन बशीत ओतली.

एप्रिलमध्ये एका शनिवारी मी नेहमीसारखी बस बदलत चामराजपेटला पोचले, तर अण्णा खाटेपाशी पाट मांडून बसलेले. समोर नवी अढी. मला म्हणाले, "सुमे, पदर खोच आणि बस इथे. शिकून घे आता."

माझं वय तेव्हा साठ. पण सातवीत बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. लहानपणी या पेंढ्यात हात घातला म्हणून त्यांनी माझ्या हातावर चापट मारली होती, ती जागासुद्धा मला आठवत होती. भाऊ अमेरिकेत, धाकटी दिल्लीला. म्हणजे ही विद्या माझ्याकडे येणार तर! मी पाटावर बसले आणि बराच वेळ माझं मलाच हसू आवरेना.

त्यांची शिकवण्याची रीत मात्र वेगळीच होती. आंबा ते उचलायचे, स्वतःच्या नाकाशी नेऊन क्षणभर धरायचे, मग माझ्या नाकाशी आणायचे. "सांग."

"चांगला येतोय वास, अण्णा."

"चांगला म्हणजे काय? चांगला तर साबणाचाही येतो. नीट सांग."

मग मी शोधायला लागायचे. हिरवट. म्हणजे कसा, गवतासारखा की कोथिंबिरीसारखा? चिकाचा. म्हणजे तिखट की उग्र? एकदा मी म्हटलं, रॉकेलसारखा येतोय, तर ते खूश झाले. "सरी! हे बरोबर. चीक अजून आत आहे. याला चार दिवस." दुसरा आंबा गुळाच्या ढेपेसारखा, तो आजचा. तिसऱ्यात ओल्या पेंढ्याचाच वास जास्त. तो पालटून ठेव. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडला की मगच ते निकाल द्यायचे. मला वाटे, केवढी ही गुरूची तालीम, आधी शिष्याला बोलू द्यायचं! शनिवार-रविवार मी जायचे, मधल्या दिवशी ते फोन करून सांगायचे, काय काय निघालं ते. साठ वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या दोन महिन्यांत बोलले. बहुतेक आंब्यांबद्दलच, पण बोलले.

नाकाला एवढे शब्द लागतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी बसमध्ये बसल्या बसल्या वास ओळखायला लागले. मार्केटच्या थांब्यावर फुलांचा, मग भिजलेल्या गोणपाटाचा, मग कुणाच्या तरी डब्यातल्या चित्रान्नाचा. दुपारी एखादी वळवाची सर येऊन गेली की सगळ्यांचा एकच होऊन जायचा आणि मला चिडल्यासारखं व्हायचं. नवीन चष्मा लागल्यावर पोरं रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटतात, तसं माझं चाललं होतं.

अक्षय्य तृतीया आली. आमच्या घरी त्या दिवशी पितरांना आणि देवाला आंबे दाखवल्याशिवाय घरातला कुणी आंबा तोंडाला लावत नाही. आणि देवाला जायच्या वस्तूचा आधी वास घ्यायचा नाही, ती उष्टी होते, म्हणून त्या दिवसाचे पाच आंबे अण्णा नाक न लावता काढायचे. पेंढ्यात हात घालून, नुसतं चाचपून. त्या वर्षीही त्यांनी तसेच काढले. देठाच्या खांद्यापाशी अंगठा, तळव्यावर वजन, पाठीवरून दोन बोटं, बस्. पाचही आंबे पिवळेधमक, कापले तर एकात डाग नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मात्र मी नसताना त्यांनी वास घेऊन म्हणून जे निवडले, त्यांतले दोन कच्चे निघाले. आई म्हणाली, "ह्यांनाच दृष्ट लागली वाटतं." देवाचे न हुंगता बरोबर आणि घरचे हुंगून चुकीचे, याचं मला नवल वाटलं, पण अर्थ काही लागला नाही. उलट मनात थोडं सुखावायलाच झालं, की शनिवारी मी असले म्हणजे चुकत नाही.

मेच्या शेवटच्या शनिवारी मी दारात पाऊल टाकलं आणि नाकाला पदर लावला. आंबूस, ताडीसारखा, डोक्यात जाणारा वास. मधल्या खोलीत अण्णा खाटेवर पेपर वाचत बसलेले, आणि वास त्यांच्या खालून येत होता. मी तशीच स्वयंपाकघरात गेले.

"आई, हा वास कसला?"

"तुलाही येतो होय?" आईचे डोळे मोठे झाले. "अय्यो, चार दिवस झाले गं. मला वाटलं कुठे तरी उंदीर मेला. ह्यांना विचारलं, तर म्हणाले मला काही नाही येत. ह्यांना येत नाही म्हणजे नसेलच, असं म्हणून मी गप्प बसले. म्हातारपणी माझंच नाक फिरलं म्हटलं."

हे आमच्याच घरात होऊ शकतं. समोर सडका वास सुटलेला असताना आई स्वतःच्या नाकावर शंका घेत होती, कारण अण्णांचं नाक चुकत नाही, हे पन्नास वर्षं ठरलेलं होतं. मी पेंढा उपसला. एक नासका आंबा अढी नासवतो म्हणतात. इथे तर चार होते. रसपुरीची सगळी बाजू गेली होती. अण्णा वाकून पाहत राहिले, म्हणाले, "उष्मा फार आहे यंदा." आणि नासके आंबे वेचायला स्वतःच बसले. नासक्यांच्या टोपलीवर ते इतके वाकले होते, तरी त्यांनी एकदाही तोंड फिरवलं नाही. मला मात्र दोनदा उठून अंगणात जावं लागलं.

तिथे आमची आंबेवाली मुनियक्का रिकामी टोपली न्यायला आली होती. ती श्रीनिवासपूरकडची, तिच्या सासूपासून आमच्याकडे आंबे यायचे. आम्ही तिच्याशी कन्नडमध्ये बोलायचो. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अक्का, यजमानांची तब्येत बरी आहे ना? दर वर्षी माझ्या टोपलीतले दहा तरी आंबे नाक मुरडून परत करतात. यंदा एकसुद्धा परत केला नाही. मला बरं वाटायला हवं, पण नाही वाटत."

तिच्या लक्षात आलं होतं आणि माझ्या नाही! नाकाशी क्षणभर धरून लगेच माझ्याकडे येणारा तो आंबा मला आठवला. कडू कॉफी आठवली. 'सांग' आठवलं. घरी परतताना बसमध्ये मला जे वाटलं ते चांगलं नव्हतं. अण्णांना वास येत नाही याचं दुःख व्हायला हवं होतं. पण आधी मनात आलं ते हे, की म्हणजे ते मला शिकवत नव्हतेच. त्यांना एक नाक हवं होतं, आणि मी दर शनिवारी ते घेऊन हजर होत होते. साठाव्या वर्षी बक्षीस म्हणून जे छातीशी धरलं होतं, ते बक्षीस नव्हतंच. मला राग आला. खरंच आला.

सरळ विचारता आलं असतं. डॉक्टरांकडे नेता आलं असतं. पण आम्हा लोकांना सरळ विचारायची सवय नाही, आणि मला तर खात्री करून घ्यायची होती. या खात्री करून घेण्याच्या हौसेनं माणूस काय काय करतो! पुढच्या रविवारी अढीतून बदामीचे शेवटचे आंबे निघत होते. अण्णांनी एक उचलला, नाकाशी धरला, माझ्याकडे आणला. "सांग."

वरून सोन्यासारखा होता. देठापाशी मात्र तोच ताडीचा वास.

मी म्हटलं, "मधासारखा येतोय, अण्णा. आजचाच."

"मधासारखा," ते म्हणाले. शब्द त्यांना आवडला होता. "पुष्कळ वर्षांनी असा निघाला." आणि आंबा आजच्या टोपलीत, सगळ्यांत वर.

आमच्याकडे आंबा ज्यानं निवडला त्यानंच कापायचा आणि पहिली फोड त्यानंच खायची, मग ताटं वाढायची. चूक निघाली तर निवडणाऱ्याच्या तोंडात, हा त्यातला हिशेब. जेवायला बसल्यावर अण्णांनी तोच आंबा प्रथम घेतला. सुरी फिरताच वास ताटांवर पसरला. आईनं माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी फोड तोंडात घातली, सावकाश चावली, मान हलवली.

"गोड आहे. मध म्हणालीस ते खरं गं."

मला ते बघवेना. मी म्हटलं, "अण्णा, थुंका तो. नासलाय. मी खोटं सांगितलं."

त्यांनी फोड तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवली. हात धुतला. रागावले नाहीत; रागावले असते तर फार बरं झालं असतं. पाण्याचा तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, "ताप गेला आणि बरोबर वास घेऊन गेला. येईल येईल म्हणत राहिलो. दोन महिने मी तुझ्या नाकानं आंबे पिकवतोय, सुमा. तेच खोटं बोलायला लागलं तर मी आता कुणाला विचारायचं?"

सुमे म्हणाले नाहीत, सुमा म्हणाले. त्यांच्या ताटातली ती अर्धी चावलेली फोड मला आजही डोळ्यांसमोर दिसते. आई उठली आणि तिनं तो आंबा सालीसकट बाहेर नेऊन टाकला. जेवण आम्ही तिघांनी पूर्ण केलं.

दुसऱ्या शनिवारी गेले तर खाटेखालची जागा झाडून काढलेली. पेंढा गच्चीवर नेऊन पसरला होता, विटा भिंतीशी रचल्या होत्या. मलगोवा आला आणि गेला, आमच्या घरी एकही आला नाही. मुनियक्का दारावर आली की अण्णा आतूनच "बेडा" म्हणायचे, नको. आई म्हणाली, "संपला तर संपला मोसम, दर वर्षी काय आंबाच खायला हवा?" पण तिनं कॉफीचं डिकॉक्शन पुन्हा पहिल्यासारखं केलं होतं, आणि अण्णा ती काही न बोलता पीत होते. ते मला सगळ्यांत लागलं. आता त्यांना कुणाला काही दाखवायचं उरलं नव्हतं.

मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, थेंब दिले, या वयात परत येईलच असं नाही म्हणाले. रिक्षात अण्णा बाहेर बघत बसले होते. माफी मागायला आमच्या घरात शब्द नाहीत असं नाही, पण वापरात नाहीत. मी एवढंच म्हटलं, "अण्णा, चुकलंच माझं." ते म्हणाले, "इथे डावीकडे घ्यायला सांग त्याला."

त्या चार-पाच आठवड्यांत मी सर्जापूर रोडवर घरी बसून पुष्कळ विचार केला. शिकवणं कशाला म्हणतात? ज्याला गरज नाही तो शिकवतो ते खरं, आणि ज्याला गरज आहे तो शिकवतो ते खोटं, असं मी कुठून ठरवलं होतं? रॉकेलसारखा वास म्हणजे चीक आत आहे, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. माझं नाक त्यांना नुसता वास देत होतं, त्या वासाचं करायचं काय हे त्यांच्याकडे होतं. दोघांचं मिळून एक नाक तयार झालं होतं आणि ते मी मोडलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना तोंडघशी पडताना बघायचं होतं मला, एकदाच. बघितलं. आता त्याचं काय करायचं?

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. वास परत आला नाही. पण माझ्या मनात तो उन्हाळा मलगोव्याशी थांबलेला नाही. त्याच वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी फोन वाजला. अण्णांचा. अढी उचलल्यापासून त्यांचा एकही फोन आला नव्हता.

"नीलम आलाय," ते म्हणाले. "येतेस?"

मी निघाले. बस मिळेना म्हणून रिक्षा केली. पोचले तर खाटेखाली गोणपाट घातलेलं, पेंढा परत आणलेला, आणि शेजारी मुनियक्काची टोपली. आई म्हणाली, "दोनच पाट मांडलेत, मला नको त्यात." आणि ती स्वयंपाकघरात गेली.

अण्णांनी टोपलीतून एक नीलम उचलला. या वेळी स्वतःच्या नाकाशी नेला नाही. अंगठा फिरवला, तळव्यावर झेलला, आणि माझ्यासमोर धरला. नेहमीचं 'सांग' म्हणाले नाहीत, नुसते बघत राहिले.

मी देठाची बाजू नाकाशी घेतली. काही नाही. पुन्हा घेतली. नीलमचा वास दारातून येतो, असा तो आंबा, आणि याला काहीच नाही. मला फार वाटत होतं की काही तरी यावं. गूळ, गवत, रॉकेलसुद्धा चाललं असतं. इतक्या दिवसांनी त्यांनी बोलावलंय, काही तरी हातावर ठेवावं असं वाटत होतं. मी डोळे मिटून तिसऱ्यांदा हुंगलं.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "कसलाच वास नाही याला."

माझ्या हातातला आंबा त्यांनी परत घेतला आणि पेंढ्यात, अगदी खाली ठेवला.

"नसणारच," ते म्हणाले. "मुनियक्कानं आज सकाळी झाडावरून उतरवलाय, नुसता दगड आहे. तेवढं बोटांना कळतं माझ्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना दिसलं असणार. त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली आणि पदराकडे बोट दाखवलं.

"पदर खोच, सुमे. आता पुढचा सांग."